घरच्या मशीनवर निटचा सैल, उबदार टॉप (ओव्हरलॉक नसेल तरी)

टाकाटीप

निटचं (टी-शर्टसारखं, फाशांनी विणलेलं) कापड घरी शिवायचं म्हटलं की एरवी कॉलरचा शर्ट सफाईने शिवणारेही हात आखडता घेतात. ताणतं, कडा गुंडाळतात, टाके सुटतात, ओव्हरलॉक (कडा गुंफणारं वेगळं मशीन) लागतं, ही कारणं ठरलेली. माझ्या मते शिवणातला सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे निटचा सैल टॉप. टक्स नाहीत, चेन नाही, काजं-बटणं नाहीत, अस्तर नाही. पुढा, पाठ, दोन बाह्या आणि गळ्याची पट्टी, बस्स. ओव्हरलॉकची अट तर मुळातच नाही. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे सुटे असतात म्हणून कडा उसवते. निटमध्ये फासे एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे कापलेली कड तशीच ठेवली तरी धागे निघत नाहीत. (जाड स्वेटरनिट याला अपवाद. त्याचे फासे सुटतात. पहिल्यांदा ते घेऊच नका.)

अवघड भाग मशीनवर बसायच्या आधीचा आहे. कापड किती ताणतं आणि ताणून परत किती येतं, हे न बघता बेतलं तर पुढे कितीही चांगली टीप मारली तरी गळा लोंबतोच.

कापड घेताना नावापेक्षा वजन विचारा. टी-शर्टचं सिंगल जर्सी साधारण १५० ते १८० जीएसएम असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं तेवढे ग्रॅम वजन. अंगावर ते छान पडतं, पण उबेला पुरत नाही आणि कापल्याबरोबर त्याच्या कडा वळतात. सुरुवात लूपरने करावी. बाहेरून सपाट आणि आतून बारीक फासे दिसतात ते कापड, फ्रेंच टेरीही म्हणतात त्याला. २४० जीएसएमच्या आसपासचं मिळालं तर उत्तम. आतल्या फाशांत हवा अडकते म्हणून ऊब येते, आणि कापड टेबलावर मुकाट्याने सपाट पडून राहतं. जरासं जाड इंटरलॉकही (फाशांच्या दोन रांगांचं दुहेरी निट) चालेल, त्याच्या कडा वळत नाहीत. कापड वजनावर विकत असतील तर हिशोब असा: २४० जीएसएम आणि पन्हा १७० सेंमी, तर एक मीटरचं वजन ४०८ ग्रॅम. सैल टॉपला दीड मीटर धरा, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या थोडं वर.

ताण मोजायची रीत: कापड आडवं दुमडा. दुमडीवर, कडेपासून लांब, १० सेंमीच्या दोन खुणा करा आणि एक खूण पट्टीच्या शून्यावर धरून दुसरी आरामात जाईल तिथवर ओढा. दात-ओठ खाऊन नाही. १३ वर गेली तर ताण ३० टक्के. आता सोडून द्या. परत बरोब्बर १० वर आली तर कापड चांगलं. साडेदहावरच थांबली तर त्याचे कोपर आणि गळा लवकरच ढिले पडणार. निव्वळ सुती निटमध्ये हा प्रकार जास्त दिसतो. थोडं लायक्रा असेल तर कापड जागेवर येतं.

मग धुवा. टॉप पुढे जसा धुणार तसाच, आणि शक्य असेल तर दोनदा. सुती निट आटतं, आणि बहुतेक वेळा लांबीत जास्त आटतं. दोरीवर लोंबत वाळवू नका, आडवं पसरा.

बेत (मापं सेंटिमीटरमध्ये देते, टेपच्या मागच्या बाजूला असतातच). छाती ९२ असेल तर सैलपणाला १६ मिळवा, १०८ झाले. चौथा भाग २७, त्यात शिलाईचा १. खांदा हाडापासून ६ सेंमी खाली उतरवायचा, म्हणजे मुंढ्याला गोलाई जवळजवळ राहतच नाही आणि बाहीचा वरचा भाग सपाट येतो. मुंढ्याची उंची २३, तर बाही वर ४६ रुंद. खांदा जेवढा उतरवला तेवढी बाहीची लांबी कमी करायला विसरू नका. गळा शिलाईच्या रेषेवर २० रुंद, पुढे ११ खोल, मागे ३ खोल. ऐकायला मोठा वाटतो. पण २ सेंमीची पट्टी लागल्यावर तो आतून १६ रुंद आणि पुढे ९ खोल उरतो.

शिवायचा क्रम: खांदे, गळापट्टी, मग बाह्या उघड्या टॉपला सपाट जोडायच्या, मग बाहीच्या मनगटापासून खालच्या घेरापर्यंत एकच लांब टीप, शेवटी खालच्या दुमडी. बाही आधी गोल शिवून मग मुंढ्यात बसवायच्या फंदात पडू नका, इथे त्याची काही गरज नाही.

टीप: बारीक झिगझॅग, रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर, लांबी अडीच मिलिमीटर. दोरा पॉलिएस्टरचा. सुई बॉलपॉइंट किंवा स्ट्रेच. कापड मागून ओढायचं नाही, पुढून अडवायचं नाही. मशीनचे खालचे दाते नेतील तसं जाऊ द्यायचं.

विचारा काय विचारायचं ते.

---

पानगळ

वाचूनच हात शिवशिवले. पण माझ्याकडे पायाचं काळं मशीन आहे. सरळ टीप सोडून त्याला काही येत नाही. झिगझॅग नाही म्हणजे हा चर्चेचा धागा माझ्यासाठी नाही का?

---

टाकाटीप

आहे की! सैल टॉपमध्ये बहुतेक शिवणींना ताण येतच नाही. बाजूची शिवण, बाहीची शिवण, मुंढा यांवर सरळ टीप चालते. टाका लहान ठेवा, दोनच्या आसपास. लहान टाक्यांत तेवढ्याच लांबीत दोरा जास्त जातो, म्हणून शिवण थोडी देते. शिवताना पुढून-मागून दोन्ही हातांनी कापडाला अगदी हलका ताण द्यायचा आणि टीप झाल्यावर वाफेची इस्त्री दाबायची. वरचा ताण एका खुणेने सैल करा.

---

कात्रीवाला

ताईंचं बाकी सगळं मान्य, पण वर आधी म्हणताय "कापड ओढू नका" आणि इथे म्हणताय "हलका ताण द्या". नवीन माणूस गोंधळेल. झिगझॅगवर अजिबात ओढायचं नाही. सरळ टिपेवर ओढायचं, पण दोन्ही हातांनी सारखं आणि फक्त उभ्या शिवणींवर.

आणि गळ्यावर सरळ टीप मारूच नका, दोन टिपा मारल्या तरी नाही. मी कपड्यांच्या कारखान्यात बरीच वर्षं होतो. परत आलेल्या मालात गळ्याची तुटलेली टीप हमखास दिसायची. कारण सोपं आहे. टॉप डोक्यातून जातो तेव्हा गळ्याला डोक्याएवढं व्हावंच लागतं. कापड होतं, दोरा होत नाही, मग दोरा तुटतो.

पायाच्या मशीनवाल्यांनी गळापट्टी हाताने लावावी. प्रत्येक टाक्याला थोडं मागे येत जाणारी हाताची टीप, दोरा न आवळता. ती ताणते आणि आतून दिसतेही नीट. एका गळ्याला फार वेळ लागत नाही.

---

टाकाटीप

कात्रीवाला, मान्य. गळा हाताने, बाकी मशीनवर. पानगळ, हे पक्कं धरा. मनगटाची पट्टी लावणार असाल तर तीही हातानेच.

---

निळीशाई

माझ्या मशीनला झिगझॅग आहे, सुईही बॉलपॉइंट लावली, तरी मध्ये मध्ये टाके सुटतात. कापडात लायक्रा बऱ्यापैकी आहे. सुई बदलून पाहिली तरी तेच. मशीन दुरुस्तीला न्यावं का?

---

कात्रीवाला

आधी स्ट्रेच सुई लावून बघा. बॉलपॉइंट (जर्सी) आणि स्ट्रेच या दोन वेगळ्या सुया आहेत, पाकिटावर नीट वाचा. दोघींचं टोक गोलसर असतं. ते फाशाला भोक न पाडता बाजूला सारून आत जातं. साधी टोकदार सुई फासा कापते, मग धुतल्यावर तिथून शिडीसारखी फट पडत जाते. फरक असा की लायक्रावालं कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर-खाली होतं. मग सुईमागे दोऱ्याचा जो फास तयार व्हायला हवा तो होत नाही, खालचा हुक रिकामा फिरतो आणि टाका सुटतो. स्ट्रेच सुईचं नेढं आणि त्यामागची खोबण अशी घडवलेली असते की तो फास नीट उभा राहतो.

नंबर: जर्सीला ७५, लूपरला ७५ किंवा ९०. आणि सुई विकत घेताना मशीनला सपाट दांडीची लागते की गोल, ते आधी बघा. घरच्या मशीनला बहुतेक सपाट लागते.

तरीही सुटले तर दाबपायाचा दाब थोडा कमी करा आणि मशीन स्वच्छ करा. दुरुस्तीचं नंतर बघू.

---

निळीशाई

स्ट्रेच ७५ लावली. सुटायचे थांबले. दुरुस्तीवाल्याचा फोन नंबर शोधून ठेवला होता, तो आता तसाच राहू दे :)

आता नवीन तक्रार. शिवण सुरू करताना कापडाचा कोपरा खाली भोकात खेचला जातो.

---

टाकाटीप

झिगझॅग मशीनच्या सुईखालच्या पट्टीचं भोक आडवं लांब असतं, त्यामुळे मऊ कापड आत जातं. सुरुवात अगदी कडेवर करू नका. दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा. नाहीतर एक पातळ कागदाचा तुकडा आधी पायाखाली घाला, त्यावरून सुरू करून कापडावर या. कागद नंतर फाडून टाकायचा. लांब शिवणीखालीही पातळ कागद ठेवला तर कापड लाटांसारखं होत नाही. जर्सीला फार उपयोग होतो याचा.

---

खडूपट्टी

गळापट्टीचं गणित लिहा ना सविस्तर. सगळीकडे "गळ्याच्या ८५ टक्के" असं वाचते. त्याप्रमाणे कापून लावली की गळा आवळतो, सभोवती चुण्या पडतात आणि डोकं जाता जात नाही. ९५ टक्के घेतली तर पट्टी उभी राहते, मानेपासून लांब. मधलं काही जमतच नाही. कापड बरं होतं, ३० टक्के ताणत होतं.

---

टाकाटीप

८५ टक्के कशाचे, हे विचारायचं राहतं बहुतेकांचं. गळ्याच्या कापलेल्या कडेचे नव्हे. शिलाईच्या रेषेचे.

गळा ही आत वळलेली गोलाई आहे. कड आतल्या बाजूला असते आणि शिवण त्याच्या १ सेंमी बाहेर, म्हणजे मोठ्या गोलावर पडते. गोलाची त्रिज्या १ सेंमीने वाढली की परीघ सव्वासहा सेंमीने वाढतो. आपल्या गळ्याचंच घ्या. वर दिलेली मापं शिलाईच्या रेषेची: २० रुंद, पुढे ११, मागे ३. ही रेषा सुमारे ५५ सेंमी भरते. कापलेली कड १८ रुंद, १० आणि २ खोल, ती भरते सुमारे ४९.

५५ च्या ८५ टक्के म्हणजे पावणे-सत्तेचाळीस. तेच ४९ चे घेतले तर पावणे-बेचाळीस. पाच सेंमीचा फरक! मोठ्या माणसाचं डोकं ५७ च्या आसपास असतं. ४७ ची पट्टी ५७ व्हायला एकवीस-बावीस टक्के ताण लागतो. ३० टक्केवाल्या कापडाला ते सहज जमतं. ४२ ची पट्टी ५७ व्हायला ३६ टक्के हवेत. तुमच्या कापडाकडे तेवढे नव्हतेच, ते बिचारं काय करणार.

तेव्हा: कागदी बेतावर शिलाईची रेषा आखा, टेप उभी धरून तिच्यावरून फिरवा, पुढा आणि पाठ दोन्ही मोजून दुप्पट करा. टॉपच्याच कापडाची पट्टी असेल तर ८५ टक्के, रिबची (उभ्या धारींच्या निटची) असेल तर ८० पर्यंत उतरा, कारण रिब कितीतरी जास्त ताणतो. ताण २० टक्क्यांच्या आसपासच असेल तर ९० वर जा आणि गळाच मोठा कापा. जोडाचे २ सेंमी मिळवले की आपली पट्टी ४९ लांब. रुंदी ६: दोन वेळा २, आणि शिलाईचे दोन. पट्टी आडवी कापायची, म्हणजे तिची लांबी कापडाच्या जास्त ताणणाऱ्या दिशेने येईल. उभी कापलेली पट्टी हमखास फसते.

---

खडूपट्टी

अरे देवा. हे कुठेच कसं लिहिलेलं नसतं? कागदावर मोजून पाहिलं. मी इतके दिवस कडच मोजत होते, आणि शिलाई दीड सेंमी ठेवायची सवय, म्हणजे फरक अजूनच जास्त.

---

कात्रीवाला

दीड नका ठेवू निटला, १ भरपूर. ओव्हरलॉकवर तर ६ मिलिमीटरवर काम होतं.

गणित करूनही मी शेवटी एक गोष्ट करायला सांगेन. पट्टी गोल जोडा, दुमडा आणि शिवायच्या आधी नुसती डोक्यातून घालून बघा. जात नसेल तर अजून वेळ गेलेली नाही. आणि लावताना पट्टीचे चार भाग, गळ्याचेही चार भाग, खुणांना खुणा. गळ्याचे चौथे भाग खांद्याच्या शिवणीवर येत नाहीत, जरा पुढे येतात, कारण पुढचा गळा लांब असतो. मोजून खूण करा, अंदाजाने नको. पट्टीचा जोड मागे ठेवा, अगदी मध्यावर किंवा डाव्या खांद्यामागे.

शिवताना पट्टी वर, गळा खाली. ताणायची फक्त पट्टी. खालचा गळा जसाच्या तसा राहायला हवा.

---

सावकाश

तुम्ही लिहिलेलं वाचून मुलीसाठी करायचं ठरवतोय, दोन वर्षांची आहे. सगळी मापं निम्मी केली तर चालेल?

---

टाकाटीप

अजिबात नाही. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं ४८ च्या आसपास भरतं, म्हणजे मोठ्यांपेक्षा नऊच सेंमी कमी, पण मान मात्र इवलीशी. मानेला शोभेल असा गळा कापला तर तो डोक्यातून जात नाही. मुलांच्या टॉपला एका खांद्यावर उघडझाप ठेवा, टिचबटणं लावून. नाहीतर खांद्यावर पुढा-पाठ एकमेकांवर चढवा, तान्ह्या बाळांच्या झबल्याला असतात तसे. रिबची पट्टी मात्र घ्याच. आणि मुलीचं डोकं मोजा, वयावरून ठरवू नका.

---

मुक्कामपोस्ट

एक आगाऊ प्रश्न. इतकं करण्यापेक्षा तयार टॉप आणणं सोपं नाही का?

---

टाकाटीप

आहे. आणा.

---

पानगळ

:) :)

कात्रीवाला, मी तुमच्या म्हणण्याप्रमाणे गळा हाताने लावायला घेतलाय. मध्येच एक शंका. माझ्या जुन्या विकतच्या टॉपची बाजूची शिवण धुतल्यावर फिरून पोटावर आली आहे. घरी शिवल्यावर असं होऊ नये म्हणून काय करायचं?

---

कात्रीवाला

याची दोन कारणं असतात आणि त्यातलं एकच आपल्या हातात आहे.

पहिलं सुताचं. सिंगल जर्सी विणताना सुताला जो पीळ असतो तो धुतल्यावर मोकळा व्हायला बघतो, आणि सगळे फासे एका बाजूला कलतात. शिवण बरोबर शिवलेली असली तरी कापडच फिरतं. रिब आणि इंटरलॉकला हे फारसं होत नाही. त्यात फाशांच्या दोन रांगा एकमेकींना तोलून धरतात. म्हणूनच कापड आधी धुवायचं. जेवढं फिरायचं तेवढं कापण्याआधीच फिरू दे.

दुसरं कापण्याचं. निटला कडेवरून सरळ धरू नका, कड बहुतेक वेळा वाकडीच असते. कापड सुलट बाजूने जवळून बघा. बारीक इंग्रजी व्हीसारख्या फाशांच्या उभ्या रांगा दिसतील. एक रांग नखाने धरून वरपासून खालपर्यंत जा, पुसट खडूने रेघ ओढा. बेताची उभी रेषा त्या रेघेला समांतर ठेवा. नळीचं कापड असेल तर आधी एका रांगेवरून कापून उघडा. नळीच्या दुमडीचा जो कायमचा वळ असतो तो धुऊनही जात नाही कधी कधी, तो पुढ्याच्या मध्यावर येऊ देऊ नका.

आणि कापताना कापड टेबलाखाली लोंबू देऊ नका. स्वतःच्या वजनाने ताणतं, आणि कापलेला तुकडा नंतर आखडून लहान होतो. राहिलेलं कापड खुर्चीवर गोळा करून ठेवा. टाचण्यांपेक्षा वजनं बरी. घरातल्या जाड वाट्या, पेपरवेट, काहीही.

---

निळीशाई

सुलट-उलट कशी ओळखायची? माझ्या जर्सीच्या दोन्ही बाजू सारख्या दिसतात, रंग गडद आहे.

---

खडूपट्टी

आडव्या दिशेने कापलेली कड थोडी ताणा. जर्सी असेल तर ती सुलट बाजूकडे वळते. उभ्या कडा मात्र उलट बाजूकडे वळतात, त्यामुळे बाजूच्या कडेवर हा प्रयोग करू नका. एकदा ओळखलं की प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला खडूने फुली मारून ठेवा. गडद रंगात दिवसा एक दिसतं आणि दिव्याखाली दुसरंच.

---

सावकाश

खांद्याच्या शिवणीबद्दल कोणी काही बोललं नाही. धाग्यात "खांदे" एवढाच एक शब्द आहे.

---

टाकाटीप

बरोबर पकडलंत, ते घाईत उरकलं मी.

पूर्ण टॉपचं वजन खांद्यांवर लटकतं आणि उतरत्या खांद्याच्या बेतात ती शिवण लांब असते. नुसती शिवली तर कालांतराने खांदे लांबत जातात, बाह्या बोटांवर येतात. म्हणून तिथे न ताणणारं काहीतरी शिवणीत धरायचं: सुती फीत, किंवा मागावरच्या पातळ कापडाच्या काठाची अर्ध्या सेंमीची पट्टी. फीत कागदी बेतावरच्या खांद्याच्या मापाने कापा, कापडाच्या नाही. कापड तोवर ताणलेलं असू शकतं. पाठीच्या बाजूला ठेवून शिवणीत घ्या. पारदर्शक इलॅस्टिकही वापरतात. पातळ जर्सीला ते बरं, जड लूपरला मी फीतच लावते.

उभ्या शिवणींत मात्र फीत घालू नका, टॉप खोक्यासारखा होतो.

---

पानगळ

गळा लागला! हाताने. डोक्यातून आरामात जातो, टाके तुटले नाहीत. फक्त पट्टी किंचित उभी राहतेय, मागच्या बाजूला.

---

कात्रीवाला

उसवू नका. आधी वाफ द्या. शिवण टॉपच्या बाजूला पाडून वरून इस्त्री टेकवा, उचला, पुढे टेकवा. घासायची नाही, घासली की ताणते. मग थंड होईपर्यंत हलवू नका. हाताच्या किंवा मशीनच्या ताणाने आलेल्या बहुतेक लाटा वाफेने बसतात. बसल्या नाहीत तर पट्टी मागच्या भागात सैल आहे, तेवढाच भाग उसवून सेंमीभर कमी करा.

कापड पॉलिएस्टर फ्लीस असेल तर मात्र इस्त्री जवळ आणू नका, वितळतं. त्यावर नुसती दुरून वाफ, किंवा ओला कपडा ठेवून अगदी कमी तापमानावर.

---

पानगळ

लूपर आहे. वाफेने बसली.

---

खडूपट्टी

आता शेवटचा प्रश्न, खालची दुमड. जोडसुई (एका दांडीला दोन सुया) लावली आहे, ४ मिलिमीटरची. दोन रेघांमध्ये कापड फुगून उंचवटा येतो. आणि पानगळच्या मशीनवर जोडसुई चालते का, तेही लिहा कोणी.

---

टाकाटीप

उंचवटा येतो कारण खालचा एकच दोरा दोन सुयांमध्ये नागमोडी जातो आणि आवळला की दोन रेघांना जवळ ओढतो. वरचा ताण कमी करा, टाका ३ पर्यंत वाढवा. जर्सीला ४ ऐवजी अडीच मिलिमीटरची जोडसुई घ्या, तेवढ्या अरुंद जागेत फुगायला कापडच उरत नाही. बॉबिनमध्ये फुगीर नायलॉन दोरा मिळाला तर तो हाताने, न ताणता भरा. जोडसुईसुद्धा स्ट्रेच प्रकारची येते, साधी घेतलीत तर टाके पुन्हा सुटणार.

शिवायच्या आधी दुमडीला इस्त्री करून धावदोरा घाला. निटला टाचण्यांवर भरवसा ठेवून दुमड शिवली की ती तिरकी जाते.

पानगळ, तुमच्या मशीनच्या सुईत दोरा बाजूने, डावीकडून उजवीकडे ओवला जात असेल तर जोडसुई बसणार नाही. समोरून मागे ओवला जात असेल तरच. नसेल तर दोन पर्याय. एक, हाताने हेरिंगबोन टाका. तो तिरका असल्यामुळे ताणतो आणि सुलट बाजूला जवळजवळ दिसत नाही. दुसरा मला जास्त आवडतो: दुमड घालायचीच नाही, घेराला आणि मनगटाला पट्टी लावायची. घेराची पट्टी टॉपच्या घेराच्या ९० टक्के, मनगटाची बाहीच्या तोंडाच्या ८० टक्के. घेराची पट्टी ५ ते ६ सेंमी रुंद दिसेल अशी ठेवा आणि टॉपची लांबी तेवढी आधीच कमी करा. घेराला डोक्यासारखा ताण येत नाही, तिथे तुमची लहान टाक्यांची सरळ टीप चालून जाईल.

---

कात्रीवाला

चालेल, फक्त घेर कमरेला घट्ट बसणारा नको. बाह्या वर सरकवायची सवय असेल तर मनगटाची पट्टी लांब ठेवा, सातेक सेंमी, आणि रिबचीच. टॉपच्या लूपरची पट्टी एकदा कोपरापर्यंत चढली की उतरून परत मनगटाला धरत नाही.

---

पानगळ

रिब उरलेला नाहीये. गळ्यातच संपला, जेमतेम दोन वितींचा तुकडा शिल्लक आहे.

---

कात्रीवाला

मनगट किती आहे तुमचं? १६ असेल तर पट्टी १८ अधिक जोडाचे २, म्हणजे २० लांब, दोन नग. आडवा ताण २० च्या दिशेने येईल असं मोजून बघा, बसेल त्यात. रुंदीला कमी पडलं तर पट्टी ७ ऐवजी ५ ची करा.